भाताच्या मुलखातली साखरबिस्किटे

साखरेचे साधे बिस्कीट म्हणजे मैदा, साखर आणि लोणी किंवा तूप यांचा, पाणी जवळजवळ न घालता बांधलेला आणि कोरड्या आचेवर भाजलेला गोळा. अंडे, दूध, सोडा, वेलदोडा हे त्याचे सोबती; ते नसले तरी बिस्कीट होते. पहिल्या तिघांतला एकही नसला तर होत नाही. मैदा त्याला अंग देतो, साखर गोडी आणि कुरकुरीतपणा देते, आणि स्निग्धांश या दोघांच्या मध्ये राहून घास जिभेवर विरघळवतो. चपातीची कणीक पाणी बांधते. इथे ते काम तुपाचे. चपाती ताणली तर फाटते आणि बिस्कीट वाकवले तर मोडते, ते यामुळेच.

इंग्रजी पाकपुस्तकांत याला शुगर कुकी म्हणतात. मराठी घरातले त्याचे सख्खे भावंड म्हणजे नानकटाई, आणि तमिळ घरांत हाच पदार्थ नेय् बिस्कट, म्हणजे तुपाचे बिस्कीट, या नावाने होतो. शुगर कुकीत लोणी आणि बहुधा अंडे असते. पीठ लाटून साच्याने कापतात. नानकटाईत तूप असते, अंडे नसते, आणि गोळा हातानेच वळून किंचित दाबतात. या प्रस्तावनेत तिघांना मिळून साखरबिस्कीट म्हटले आहे; जिथे भेदाने फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलाडुतुरै या जिल्ह्यांच्या गावांत, हे बिस्कीट काहीसे परके आहे. इथे वर्षाचा हिशेब भाताच्या पिकांनी होतो: कुरुवै, सांबा, ताळडी. मेट्टूर धरणाचे दरवाजे कधी उघडणार, यावर कुरुवैची पेरणी ठरते. ऊस आहे, कुरुंगुळमला सरकारी साखर कारखाना आहे, नारळ आहे, घरोघरी गायी आहेत. गहू मात्र शेतात दिसत नाही. मैदा पोत्यातून येतो आणि बहुतेक परोट्याच्या तव्यावर जातो. बिस्किटाच्या तीन मुख्य जिनसांपैकी दोन घरच्या, एक पाहुणी. त्यात ओव्हन हे इथल्या स्वयंपाकघराचे जुने साधन नव्हे. इडली वाफेवर होते, मुरुक्कू तेलात होतो, दोसा तव्यावर होतो. चारी बाजूंनी कोरडी आच देण्याची गरज इथल्या जुन्या पदार्थांना फारशी पडलीच नाही.

तरीही बिस्कीट या किनाऱ्यावर लवकर उतरले असणार, कारण ते खाणारे लवकर उतरले. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डॅनिश व्यापाऱ्यांनी १६२० मध्ये तरंगंबाडी घेतली आणि १८४५ मध्ये इंग्रजांना विकली. नागपट्टिनम १६५८ मध्ये पोर्तुगीजांकडून डचांकडे गेले आणि १७८१ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांकडे आले. म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरच्या किनाऱ्यावर तीन वेगवेगळ्या देशांच्या भट्ट्यांना जागा होती. जहाजावरचे बिस्कीट हे दोनदा भाजलेले, दगडासारखे, गोडीशी संबंध नसलेले अन्न. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेले असा आहे. कुकी हा शब्द मात्र डच आहे, आणि त्याचा अर्थ लहान केक.

इतिहासाने इथे एक गमतीची गाठ मारून ठेवली आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले नाझरेथ हे गाव मोरेवियन पंथाच्या जर्मन प्रोटेस्टंटांनी १७४० च्या दशकात वसवले, आणि अमेरिकी शुगर कुकीचे घर म्हणून याच गावाचे नाव घेतले जाते. त्याच मोरेवियन पंथाचे लोक १७६० मध्ये तरंगंबाडीला आले, पोरैयारजवळ बाग आणि वस्ती करून सुमारे चार दशके राहिले. माणसे एका पंथाची, म्हणून कुकीही त्यांच्याबरोबर कावेरीच्या मुखाशी पोचली, असे म्हणणे ओढूनताणून होईल. त्यांच्या वस्तीला इथल्या तापाने जेरीस आणले. बिस्किटे भाजण्यापेक्षा माणसे पुरण्याचे काम त्यांना जास्त पडले.

मराठीभाषकांकडे हे बिस्कीट दुसऱ्या वाटेने आले. नानकटाईची कथा सुरतेची. डचांच्या वखारीतल्या भट्टीवर काम करणाऱ्या पारशी नोकरांकडे ती भट्टी आली, पावाला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा सुकवलेल्या पावातून आणि पुढे अंडे-ताडी गाळलेल्या गोड पिठातून नानकटाई झाली, असे सांगतात. नावातला नान हा फारसी पाव. कटाईबद्दल तज्ज्ञांची मते जुळत नाहीत. कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, तिचा सांधा महत्त्वाचा आहे: अंडे गेले, लोण्याच्या जागी तूप आले, आणि पदार्थ शाकाहारी घरात शिरला.

तंजावरच्या मराठी घरांना नेमके हेच हवे होते. व्यंकोजीराजांपासून १८५५ मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत इथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून आलेली देशस्थ आणि मराठा कुटुंबे तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारु आणि आसपासच्या अग्रहारांत स्थिरावली. त्यांच्या ताटात डांगर पचडी, पिठले आणि पोळी राहिली, बाजूला रसम आणि कूटु आले. राजवाड्यात खाण्याची हौस मोठी होती. दुसऱ्या सरफोजीराजांना (कारकीर्द १७९८ ते १८३२) श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडून युरोपीय शिक्षण मिळाले होते, आणि त्यांच्या नावाचा शरभेंद्र पाकशास्त्र हा मराठी पाकग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला आहे. मात्र राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जे चालते ते गावातल्या सोवळ्यात चालतेच असे नाही. भट्टीचा माल कोणाच्या हातचा, त्यात अंडे पडले की नाही, हे प्रश्न विसाव्या शतकापर्यंत जिवंत होते. कलकत्त्यात ब्रिटानियाची सुरुवात १८९२ मधली. दिल्लीत १८९८ मध्ये निघालेल्या एका कारखान्याने तर आपल्या नावातच हिंदू बिस्किट घातले. ज्या घरांचा अशा शिक्क्यांनीही विश्वास बसत नसे, त्यांना एकच मार्ग होता: आपल्या चुलीवर, आपल्या तुपात, आपल्या हाताने भाजणे. घरच्या बिस्किटाची हौस पुष्कळदा अशी सोवळ्याच्या अडचणीतून निघाली आहे.

आता जिनसांकडे.

मैद्यात प्रथिने असतात, आणि पाणी मिळून मळले की त्यांचे लवचीक जाळे होते. परोट्याला हे जाळे हवे. परोट्याचे पीठ आपटून, ताणून, तेलात मुरवून ते वाढवतात. बिस्किटाला ते नको. म्हणून परोट्याच्या सवयीचा हात बिस्किटाच्या पिठाला सर्वांत घातक. पीठ गोळा होईल इतकेच एकत्र करायचे आणि हात काढून घ्यायचा. त्रिभुज प्रदेशातल्या घरांनी यावर सोपा तोडगा शोधलेला आहे, तो म्हणजे तांदळाचे पीठ. पाव भाग मैदा काढून तितके बारीक, कोरडे तांदळाचे पीठ घातले की जाळे होण्याची शक्यताच घटते आणि बिस्किटाला रवाळ, कुरकुरीत मोड येते. स्कॉटलंडच्या जुन्या शॉर्टब्रेडमध्येही तांदळाचे पीठ पडते; तिथे तांदूळ परका आणि इथे गहू. मात्र भिजवून दळलेले ओलसर पीठ चालत नाही. कोळुकट्टैसाठी केलेले पीठ उरले म्हणून बिस्किटात घातले, तर गोळा घट्ट बसतो आणि भाजल्यावर दाताला चिकटतो. तेच पीठ मंद आचेवर कोरडे परतून घेतले तर काम होते.

साखर ही फक्त गोडीसाठी असते असे समजले की बिस्किटाचे बरेच दोष कळेनासे होतात. ती पिठातले थोडेसे पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे मैद्याचे जाळे होत नाही. भाजताना ती त्या पाण्यात विरघळते आणि गोळा पसरवते. थंड होताना तीच पुन्हा घट्ट होऊन कुरकुरीतपणा आणते. चुलीवरून काढलेले बिस्कीट बोटाला मऊ लागते आणि दहा मिनिटांनी खुटकन मोडते, ते यामुळेच. दाणेदार साखरेने बिस्कीट जास्त पसरते आणि वरचा पापुद्रा चमकतो. पिठीसाखरेने ते बसके, मऊसूत आणि नानकटाईसारखे विरघळणारे होते. बाजारच्या पिठीसाखरेत बहुधा थोडा मक्याचा स्टार्च असतो, त्याने बिघडत काही नाही.

गुळाच्या मुलखात साखरेऐवजी नाट्टु सक्करै, म्हणजे गुळाची भुकटी, घालण्याचा मोह होतोच. घालावी, पण हिशेबाने. तिच्यात ओलावा आणि किंचित आंबटपणा असतो. सोडा तिच्याशी लगेच लागतो, बिस्कीट फुगून पसरते, रंग लवकर चढतो आणि आतून ते चिवट-मऊ राहते. निम्मी साखर, निम्मी नाट्टु सक्करै घेऊन ती आधी तव्यावर किंचित कोरडी केली तर चव खमंग येते आणि मोडही टिकते. तिरुवैयारुच्या अशोका हलव्यात साखर, मुगाची डाळ आणि तूप यांचा जो भरघोस मेळ आहे, त्याच्या चाहत्यांना हे बिस्कीट फिके वाटण्याची शक्यता आहे. दोघांची तुलनाच नको: हलव्यात पाणी आटवतात, बिस्किटात ते मुळातच घालत नाहीत.

सगळ्यांत जास्त विचार मागते ते तूप. बाजारच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ऊत्तुकुळीच्या प्रसिद्ध लोण्यापासून गावातल्या रवीवरच्या लोण्यापर्यंत हे प्रमाण बदलते, आणि घरच्या लोण्यात पाणी बहुधा जास्तच असते. तुपात पाणी नसते. म्हणून एखाद्या पाककृतीत १०० ग्रॅम लोणी सांगितले असेल आणि हाताशी तूप असेल, तर ८० ग्रॅम तूप आणि दोन-तीन चमचे दूध असा बदल करावा लागतो. सरळ १०० ला १०० केले की बिस्कीट पसरून ताटभर होते. घरचे लोणी वापरायचे असेल तर ते दोन-तीन पाण्यांतून धुवून, तळव्याने दाबून पाणी काढून घेतात. ताकाचा अंश राहिला तर आंबूस वास येतो आणि सोडा वेळेआधीच खर्च होतो.

पुस्तके सांगतात की लोणी खोलीच्या तापमानाला आणून साखरेबरोबर फेटावे. ही सूचना ज्या खोलीसाठी लिहिली ती खोली तंजावरची नव्हे. चैत्र-वैशाखात इथे पारा ३७-३८ अंशांवर जातो. तूप तिशीच्या आसपास मऊ पडते आणि पस्तिशी ओलांडली की पातळ होते. फेटण्याचा हेतू असा की साखरेचे कण घट्टसर तुपात घुसून हवेचे बारीक बुडबुडे अडकावेत. हेच बुडबुडे भाजताना फुगून बिस्कीट हलके करतात. पातळ तुपात हवा अडकत नाही. कितीही वेळ फेटले तरी साखर तळाशी बसते आणि वर तुपाचा तवंग राहतो.

म्हणून त्रिभुज प्रदेशात बिस्किटाचे काम पहाटे होते. आदल्या रात्री तुपाचे पितळी भांडे पाण्याच्या परातीत ठेवून वर ओले फडके टाकतात. पहाटे साडेचार-पाचला तूप रवाळ थिजलेले असते, कण बोटांना लागतात. ते परातीत काढून तळव्याच्या खालच्या गादीने एकाच दिशेने घोळवायला लागले की आधी ते पिवळट आणि जड असते. मग साखर मुठी-मुठीने पडते. सात-आठ मिनिटांनी रंग उतरतो, पांढरट होतो, आणि तळवा उचलला की परातीला चिकटलेले तूप टोके काढते. इथे थांबायचे. त्यापुढे हाताच्या उबेने तेच तूप सैल पडू लागते, मग मागे येता येत नाही. सकाळी आठनंतर हे काम करणाऱ्याने फ्रिजची मदत घ्यावी. फ्रिज आल्यापासून पहाटेचा नेम बराचसा सुटला आहे, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

फुगवणाऱ्या द्रव्यांबद्दल थोडक्यात. खाण्याचा सोडा आंबट काही असेल तरच नीट काम करतो, म्हणून त्याबरोबर चमचाभर दही पडते. बेकिंग पावडरमध्ये आंबट द्रव्य आधीच मिसळलेले असते. भट्टीवाले अमोनियाचा खार वापरतात, तो पातळ बिस्किटातून पूर्ण उडून जातो आणि फार कुरकुरीतपणा देतो. घरात त्याचा उग्र वास सहन होत नाही. अंडे घातले तर बांधणी घट्ट होते, रंग चांगला येतो. स्वादाला वेलदोडा, जायफळ. व्हॅनिलाची सवय लागलेल्यांनी व्हॅनिला घालावी. मीठ चिमूटभर अवश्य, नाहीतर साखर बोथट लागते.

मापांचा प्रश्न वेगळाच. तमिळ घरांत पडि आणि आळाक ही धान्याची मापे चालत. आठ आळाकांची एक पडि. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे समैत्तु पार १९५१ मध्ये निघाले. मराठीत कमलाबाई ओगल्यांच्या रुचिराने १९७० पासून वाटी आणि चमचा घरोघर पोचवला. बिस्किटाला ही आकारमानाची मापे कमी पडतात, कारण दाबून भरलेल्या आणि चाळून भरलेल्या मैद्याच्या वाटीत चांगला फरक पडतो आणि थिजलेल्या तुपाची वाटी कधी सपाट भरत नाही. त्यामुळे इथे वजनच खरे. घरचा एक भरवशाचा हिशेब असा: मैदा २०० ग्रॅम, तांदळाचे कोरडे पीठ ५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ चिमूट, चार वेलदोड्यांची पूड. लागले तर दूध एक-दोन चमचे, तेही शिंपडून. पंधरा ग्रॅमचा एक, असे यात तीसेक गोळे होतात.

फेटलेल्या तुपात चाळलेली पिठे घालून बोटांच्या टोकांनी मिसळतात. आधी ते ओल्या वाळूसारखे दिसते आणि नवशिक्याचा हात दुधाकडे जातो. दूध घालण्याआधी मूठ वळून पाहावी. मुटका वळला आणि हलक्या धक्क्याने फुटला तर पीठ बरोबर आहे. मुटका फुटलाच नाही तर तूप जास्त. वळलाच नाही तर चमचाभर दूध. गोळे तळहातावर भेगा न राहतील इतके वळतात, अंगठ्याने मध्ये हलका दाब देतात, वर चारोळी किंवा काजूचा तुकडा बसवतात. लाटून कापायची असतील तर पीठ अर्धा तास थंडाव्यात ठेवणे भागच. उन्हाळ्यात लाटण्याचा हट्ट धरणाऱ्याला पोळपाटावरून बिस्कीट उचलता येत नाही, खरवडावे लागते.

मग आच. महाराष्ट्रात दिवाळीआधी नानकटाईचे पत्र्याचे ट्रे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची रीत होती. जिथे भट्टी जवळ नाही तिथे घरातच भट्टीची नक्कल करावी लागते. नक्कल म्हणजे एवढेच की खालून, वरून आणि बाजूंनी सारखी, कोरडी, मध्यम आच मिळावी. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंश सेल्सिअसवर तुपाची जाड बिस्किटे पंधरा ते अठरा मिनिटांत होतात. लोण्याची, पातळ लाटलेली शुगर कुकी १८० अंशांवर दहा-बारा मिनिटांत.

जुन्या पद्धतीत जाड बुडाच्या लोखंडी कढईत किंवा पातेल्यात दोन बोटे वाळू घालतात. कावेरीची वाळू धुवून, चाळून, एकदा कडक तापवून घेतलेली असावी. भुईमूग भाजणाऱ्यांकडची वापरलेली वाळू आणखी चांगली, तिच्यातली धूळ आधीच जळून गेलेली असते. वाळूवर तिवई, तिवईवर ताट, वर जड झाकण, आणि झाकणावर निखारे. वरच्या निखाऱ्यांशिवाय बिस्कीट खालून करपते आणि वरून पांढरेच राहते. निखाऱ्यांचे दोन प्रकार इथे हाताशी असतात. करवंटीचे निखारे लवकर पेटतात आणि धगीचे असतात, पण पंधरा मिनिटांत बसतात. किनाऱ्याकडच्या सुरूच्या लाकडाचे निखारे मंद आणि टिकाऊ असतात. खाली सुरू आणि वर करवंटी ही जोडी जमते. आच किती हे थर्मामीटरशिवाय समजण्यासाठी रिकाम्या ताटलीवर चिमूटभर मैदा पसरून आत ठेवतात. चार-पाच मिनिटांत तो फिका बदामी झाला तर गोळे आत घालायला हरकत नाही. मिनिटभरात काळपट झाला तर झाकणावरचे निखारे कमी करायचे.

गॅसवर हेच काम प्रेशर कुकर करतो. शिट्टी आणि रबरी रिंग काढून, तळाशी इंचभर जाडे मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवतात. मग ताट आत ठेवून आच मंद. मीठ वेदारण्यमचे, कारण इथे तेच मिळते. १९३० मध्ये राजाजी ज्या मिठासाठी तिरुचिरापल्लीहून चालत गेले, ते बिस्किटाखाली वाळूचे काम करते. एकदा तापलेले मीठ पुढच्या वेळेसाठी वेगळ्या डब्यात राखतात, स्वयंपाकात घालत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर असा कोरडा तापवणे त्याच्या उत्पादकांना मान्य नसते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे: बूड वाकते. म्हणून या कामाला डाळ शिजवण्यातून निवृत्त झालेला कुकरच घ्यावा. कुकरमध्ये वरून धग कमी मिळते, त्यामुळे बिस्किटाला वर रंग येत नाही. वीस-बावीस मिनिटांनी एक उलटून पाहावे, खालची बाजू बदामी झाली असेल तर ते झाले. वरचा पांढरेपणा हा कच्चेपणा नव्हे.

आत काय घडते ते पाहण्यासारखे असते. पहिल्या तीन-चार मिनिटांत तूप वितळते आणि गोळा खांदे पाडतो. मग साखर विरघळून तो रुंदावतो. त्याच सुमारास वायू आणि वाफ आतून रेटा देऊ लागतात, पण वरचा पापुद्रा तोवर सुकून घट्ट झालेला असतो; त्याला ताण सोसवत नाही आणि नानकटाईच्या माथ्यावर त्या ओळखीच्या भेगा पडतात. भेगा कडेपासून मध्याकडे पळतात. त्यानंतर कडेला रंग येतो, आणि स्वयंपाकघरातला वास बदलतो: आधी नुसत्या गरम तुपाचा असतो, मग त्यात भाजल्या साखरेचा खमंगपणा मिसळतो. हा दुसरा वास नीट पसरला की आणखी दोन मिनिटे, त्याहून जास्त नाही. काढलेली बिस्किटे ताटावरच राहू द्यावीत. गरम असताना उचलली तर बोटांत चुरा येतो.

दोष बहुधा आचेचे नसून तुपाचे असतात. बिस्किटे एकमेकांत वाहत गेली तर तूप पातळ होते किंवा गोळे उबेत पडून राहिले होते. पसरलीच नाहीत आणि डोंगरासारखी राहिली तर पीठ जास्त किंवा तूप अति थंड. भेगा पडल्या नाहीत तर वरून आच कमी पडली, किंवा सोडा जुना. दगडासारखी झाली तर पीठ मळले गेले. कडू चव बहुधा सोड्याची, आणि ती लपवता येत नाही.

उरला टिकाऊपणाचा प्रश्न, आणि तिथे त्रिभुज प्रदेशाची हवा आपले सगळे वसूल करते. महाराष्ट्रात दिवाळी येते तेव्हा पाऊस सरलेला असतो. पुण्यातली नानकटाई डब्यात तीन आठवडे खुसखुशीत राहते. कावेरीच्या मुखाशी ईशान्येचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो, वर्षाचा मोठा पाऊस हाच. म्हणजे दीपावळी नेमकी भिजल्या हवेत येते. शेतात सांबा पाण्यात उभा असतो, भिंती ओल धरतात, आणि सकाळी भाजलेले बिस्कीट उघडे राहिले तर संध्याकाळी वाकते. दोष कृतीचा नसतो. साखर हवेतले पाणी ओढून घेते, तेवढेच.

म्हणून बिस्किटे पूर्ण थंड झाल्यावर, पण हवेत रेंगाळू न देता, घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात. कोमट भरली तर त्यांचीच वाफ झाकणाला लागून परत त्यांच्यावर पडते. डब्याच्या तळाशी तांदूळ कोरडे भाजून फडक्याच्या पुरचुंडीत ठेवतात, ती पुरचुंडी दर तीन-चार दिवसांनी काढून पुन्हा भाजतात. मोठ्या एका डब्यापेक्षा लहान तीन-चार डबे बरे, कारण मुलांच्या हाताने दिवसातून दहा वेळा उघडणारा डबा एकच असतो. पावसाळ्यासाठी भाजताना मुद्दाम दोन मिनिटे जास्त ठेवून, रंग एक पायरी गडद करून घेतात. आतला ओलावा जितका कमी, तितकी पुढची मुदत जास्त. लोण्याच्या बिस्किटांपेक्षा तुपाची जास्त टिकतात, गुळाची सर्वांत कमी.

मऊ पडलेली बिस्किटे टाकून द्यायची नसतात. मिठावर तापवलेल्या कुकरमध्ये किंवा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटे ठेवून थंड केली की पुन्हा कुरकुरतात. हे एकदा करावे, फार तर दोनदा. तिसऱ्या खेपेला तूप खवट होऊ लागते. खवटपणा बिस्किटाच्या चवीत उतरण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला वासाने कळतो, म्हणून जाणती बाई डबा उघडला की आधी झाकण हुंगते आणि मगच हात आत घालते.